कोंबडीची हद्द

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सुरत–भुसावळ मार्गावरच्या इथल्या स्थानकातूनच महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या राज्यात, म्हणून प्रवासी त्यावर बसून फोटो काढतात. फेब्रुवारी २००६ मध्ये या गावाभोवती दुसरीच एक हद्द आखली गेली. ती आखली होती पशुसंवर्धन खात्याने. तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी मारायचा आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची, असा तिचा नियम होता. हे वर्तुळ गुजरातेतल्या उच्छल तालुक्यातही शिरले.

शेडमध्ये मर सुरू झाली तेव्हा पोल्ट्रीवाल्यांना ती मानमोडी वाटली होती. मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्या पाळणाऱ्या घराघराला माहीत असलेला रोग. त्याची लस असते, तो येतो आणि जातो. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले, की हा ‘एच५एन१’, म्हणजे बर्ड फ्लू आहे. भारतातला हा पहिलाच उद्रेक. पुढच्या काही दिवसांत लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले गेले. त्यांत मोठ्या शेडमधले अंड्यांवरचे पक्षी होते, तशाच आदिवासी पाड्यांतल्या अंगणातल्या गावठी कोंबड्याही होत्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही रोग सापडला.

भरपाई कशाची मिळते, हे इथे नीट समजून घेतले पाहिजे. सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याचे पैसे मिळतात, नष्ट केलेल्या अंड्यांचे आणि खाद्याचे मिळतात. पथक पोहोचण्यापूर्वी रोगानेच मेलेल्या पक्ष्याचे मिळत नाहीत. म्हणजे ज्याच्या शेडमध्ये रोग आधी शिरला, त्याच्या हाती सर्वांत कमी पडते. शेड रिकामी राहते त्या महिन्यांचे काहीच मिळत नाही, कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो. आणि वर्तुळाबाहेरच्या शेतकऱ्याचा तर यात कुठे उल्लेखच नाही. २००६ मध्ये देशभर लोकांनी चिकन खाणे सोडले, रेल्वेच्या जेवणातूनही ते काढले गेले, आखाती देशांनी भारतीय अंडी थांबवली. नवापूरपासून शेकडो कोस दूर असलेल्या, एकही आजारी पक्षी नसलेल्या शेडवाल्याची बॅच मातीमोल भावाने गेली. त्याच्या पाठोपाठ मक्याचा भाव पडला. या नुकसानीची कोणत्याही पंचनाम्यात नोंद झाली नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये भारताने स्वतःला रोगमुक्त जाहीर केले. पुढच्या वर्षी भारताने, ज्या ज्या देशात बर्ड फ्लू सापडेल त्या संपूर्ण देशातून कोंबडीचे मांस, अंडी आणि पक्षी आणण्यावर बंदी घातली. रोगाचा प्रकार तीव्र असो वा सौम्य, बंदी सारखीच. तिला आधार होता ब्रिटिश काळातल्या १८९८ च्या पशुधन आयात कायद्याचा.

ही बंदी अमेरिकेला बोचली, त्याचे कारण कोंबडीच्या तंगडीत आहे. अमेरिकी गिऱ्हाईक छातीचे पांढरे मांस पसंत करते, त्यासाठी जास्त पैसे मोजते. तंगड्या उरतात. पक्ष्याचा खर्च छातीच्या विक्रीतून वसूल झालेला असल्यामुळे त्या बाहेर अगदी स्वस्तात विकल्या तरी परवडतात. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळापासून रशियात या तंगड्या इतक्या गेल्या, की तिथे त्यांना ‘बुशच्या तंगड्या’ असे नावच पडले. आपल्याकडे उलट आहे. तंदुरी असो की रस्सा, तंगडीला मान आणि जास्त दाम. तिकडचा उरलेला माल इकडे पहिल्या पसंतीचा ठरणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. म्हणून भारताने तंगड्यांवर १०० टक्के आयातशुल्क ठेवले होते आणि त्यावर रोगाच्या कारणाने बंदी.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तज्ज्ञ मंडळाचा निकाल भारताच्या विरुद्ध गेला आणि जून २०१५ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. या निकालात नवापूरसारख्या गावांभोवतीची वर्तुळेच भारताच्या अंगावर आली. जिनिव्हातल्या या मंडळाचे म्हणणे थोडक्यात असे होते: तुमच्या देशात रोग आला तर तुम्ही काही किलोमीटरचा परिसर बंद करता आणि उरलेला देश व्यापार करत राहतो. मग अमेरिकेच्या एखाद्या राज्यात रोग आला तर पन्नासही राज्यांचा माल का अडवता? सौम्य प्रकारच्या विषाणूसाठी जागतिक प्राणी आरोग्य संघटनेचे मापदंड अशी बंदी सांगत नाहीत. त्याहून कडक वागायचे तर धोक्याचा शास्त्रीय अभ्यास हवा होता, आणि तो भारताने केलेला नव्हता.

हे वाचताना मला राग येतो तो या शेवटच्या मुद्द्याचा. शेतकऱ्याचे संरक्षण करायला माझा विरोध नाही. उरलेल्या तंगड्यांच्या लोंढ्यापुढे चार-पाच हजार पक्ष्यांचा शेडवाला टिकू शकत नाही, आणि त्याला वाचवणे हे सरकारचे काम आहे. पण ते काम शुल्काने, उघडपणे करायचे असते. ते रोगाच्या नियमावर सोपवले की नियम प्रयोगशाळेच्या पुराव्यावर उभा करावा लागतो. सौम्य विषाणू आपल्या देशात नाही, असे भारत सांगत होता. तो असता तर सापडला असता इतकी आपली पाहणी दाट आहे का, या प्रश्नापाशी आपली बाजू लंगडी पडली. ही पाहणी गावोगावच्या शेडवाल्यालाही हवी होती.

खटल्याचा शेवट झाला तो वाटाघाटींत. अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिशुल्काची मागणी केली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेच्या तोंडावर वाद मिटल्याचे जाहीर झाले. गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांवरचे शुल्क भारताने उतरवले. तंगड्यांवरचे जास्तीचे शुल्क शिल्लक राहिले, एवढे बरे.

शेतकरी हा एकच गट नसतो, हे अशा वादांत नेहमी विसरले जाते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. पोल्ट्रीचे खाद्य मका आणि सोयापेंडीवर चालते. कुक्कुटपालक अडचणीत आले. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत सोयाबीन निम्म्याच्या आसपास घसरले होते. नंदुरबारच्या शेडवाल्याला मिळालेला दिलासा लातूरच्या सोयाबीनवाल्याने सोसला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एक मोठी गोष्ट फारशी चर्चा न होता घडली. महाराष्ट्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या २६ कुक्कुट संकुलांना बर्ड फ्लूमुक्त ठरवणारी भारताची घोषणा जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने मान्य केली. आजूबाजूला रोग असला तरी कडक जैवसुरक्षा पाळणाऱ्या या संकुलांतला माल बाहेर जाऊ शकावा, असा त्याचा हेतू. जिनिव्हात आपण जे तत्त्व अमेरिकेला नाकारत होतो, तेच आता आपल्या निर्यातीसाठी वापरत आहोत. हे योग्यच आहे. पण जाळीबंद शेड, निर्जंतुकीकरण, कामगारांचे वेगळे कपडे, नियमित तपासण्या हे सगळे पाळायला भांडवल लागते. ज्याच्याकडे ते आहे, त्याची हद्द त्याच्या फाटकापाशी संपते. शेजारच्या लहान शेडवाल्याची हद्द अजूनही वर्तुळच ठरवते.

आणि खरेदीदार देश कधी दार उघडेल, कधी लावेल, हे शेडवाल्याच्या हातात नाही. अमेरिकेतच २०२२ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत १६ कोटींहून अधिक पक्षी बर्ड फ्लूमुळे गेले. मार्च २०२५ मध्ये तिथे डझनभर अंडी सरासरी ६.२३ डॉलरला विकली जात होती. त्या टंचाईत तमिळनाडूच्या नामक्कलहून सुमारे एक कोटी अंडी अमेरिकेला रवाना झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले. त्याआधी, २०२४ च्या डिसेंबरमध्ये, ओमानने भारतीय अंड्यांना नवे परवाने देणे थांबवले होते.

नवापुरात फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा बर्ड फ्लू आला. पुन्हा लाखो पक्षी पुरले गेले. पंधरा वर्षांत भरपाईचा साचा तोच राहिला: केंद्र निम्मे, राज्य निम्मे, आणि तेही फक्त पथकाने मारलेल्या पक्ष्याचे. मर लागल्याचे ज्या दिवशी शेतकरी कळवतो, त्या दिवशीचे सगळे पक्षी, मेलेले धरून, भरपाईसाठी मोजले जावेत. रिकाम्या शेडच्या महिन्यांचे व्याज माफ व्हावे. आणि वर्तुळाबाहेर भाव कोसळला तर त्यासाठी वेगळा निधी असावा. पहिली मागणी मान्य झाली तरी रोग लपवण्याचे कारण उरणार नाही, आणि भोपाळला नमुना काही दिवस आधी पोहोचेल.