कलकत्त्यांतील चिनी बाजार

मुंबई-पुण्याच्या कोणत्याही नाक्यावर सायंकाळीं एखादी तरी गाडी अशी दिसते, कीं जिच्यावर तांबड्या अक्षरांत ‘चायनीज’ असें लिहिलेलें असतें. तेथील पदार्थ मुलें आवडीनें खातात. हे पदार्थ आले कोठून, असें विचारलें तर बहुतेक जण चीनकडे बोट दाखवितील. खरें उत्तर पुष्कळ जवळचें आहे. तें कलकत्त्यांतील दोन मोहल्ल्यांत सांपडतें. एकाचें नांव टिरेटा बाजार व दुसऱ्याचें टांगरा. तेथें काय खावें व काय विकत घ्यावें हें मी सांगणारच आहें. पण त्याबरोबर त्या लोकांनीं आपणांस काय दिलें आणि आपण त्यांना काय दिलें, याचाही हिशेब मांडणें अवश्य आहे.

कलकत्त्यांतील चिनी वसाहतीचा मूळपुरुष म्हणून तोंग आच्यू या व्यापाऱ्याचें नांव घेतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पादांत वॉरन हेस्टिंग्ज यानें त्याला हुगळीच्या कांठीं, बजबज गांवाजवळ जमीन दिली. तेथें त्यानें चीनहून मजूर आणवून साखरेचा कारखाना काढिला. त्याच्या मृत्यूनंतर तो उद्योग बुडाला. परंतु त्या जागेला आजही अचीपूर म्हणतात, आणि नववर्षाच्या दिवसांत चिनी कुटुंबें त्याच्या तांबड्या, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या समाधीपुढें नैवेद्य घेऊन जातात. बंगाली व हिंदी भाषांत साखरेला ‘चिनी’ म्हणतात तें या कारखान्यामुळेंच, अशी एक दंतकथा ऐकूं येते. पण तो शब्द आच्यूच्या पुष्कळ पूर्वींचा आहे.

पुढें जे लोक आले ते एकाच प्रांतांतील नव्हते, आणि प्रत्येक गटानें आपापला धंदा धरिला. कॅन्टनकडचे लोक सुतारकाम करीत. हूबे प्रांतांतले दांतांचे वैद्य झाले. हक्का लोकांनीं जोडे शिवण्याचा व कातडीं कमावण्याचा धंदा पत्करिला. या शेवटच्या धंद्याचें कारण लक्षांत घेण्याजोगें आहे. कातड्याला हात लावणें आपल्या वरच्या जातींनीं विटाळ मानिला. त्यामुळें पैसा असूनही त्या धंद्यांत पडणारे थोडे. हक्कांच्या मनांत असा विटाळ नव्हता. ज्या कामाला आपण नाक मुरडिलें, त्याच कामावर टांगऱ्याची वस्ती उभी राहिली.

आतां प्रथम टिरेटा बाजाराकडे वळूं. लालबाजारच्या पोलीस कचेरीजवळचा हा भाग एडवर्ड टिरेटा या व्हेनिसकडच्या इटालियन गृहस्थाच्या नांवानें ओळखला जातो. अठराव्या शतकांत येथील बाजार त्याच्या मालकीचा होता. येथें जावयाचें तर रविवारीं सकाळीं सहाच्या सुमारास जावें. आठ वाजून गेल्यावर टोपल्या रित्या होऊं लागतात. सन्‌यत्‌सेन यांचें नांव दिलेल्या रस्त्याच्या कडेला वाफेचीं भांडीं मांडलेलीं असतात. त्यांत सारण भरलेले पांढरे शुभ्र वाफवलेले पाव असतात. आकारानें आपल्या उकडीच्या मोदकाची आठवण करून देणारे मोमो असतात. शेजारीं मासळीच्या गोळ्यांचें ऊन ऊन कढण आणि तीळ लावून तळलेले तांदुळाच्या पिठीचे गोड गोळे मिळतात. सारण बहुधा डुकराच्या मांसाचें असतें. म्हणून ज्यांना तें वर्ज्य असेल त्यांनीं आधीं विचारावें. पूर्वीं विकणारे बहुतेक चिनी असत. आज त्यांच्या जोडीला इतर लोकही हेच पदार्थ विकतांना दिसतात.

आसपासच्या दुकानांतून घरीं नेण्याजोगी मुख्य वस्तु म्हणजे सोया सॉस. सोयाबीन व गहूं आंबवून, मिठाच्या पाण्यांत दीर्घकाळ मुरवून हा रस काढितात. पातळ व फिका असतो तो अधिक खारट, चवीसाठीं. दाट व काळा असतो तो रंगासाठीं. बाटलीवरील मजकूर वाचून आंबवून केलेलाच घ्यावा. रसायनांनीं झटपट केलेल्यास तो सुवास येत नाहीं. वाळविलेलीं सॉसेजें, शेवया व पूजेच्या उदबत्त्याही येथें मिळतात. जवळच चिनी देवळें आहेत. गंमत अशी, कीं त्यांना सर्वजण ‘चर्च’ म्हणतात, जरी आंत मूर्ति असतात त्या चिनी देवतांच्या.

टांगरा शहराच्या पूर्वेस आहे. सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं प्रदूषणामुळें तेथील कातडीं कमावण्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा हुकूम दिला, आणि ते बानतला येथें गेले. मागें राहिलेल्या कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं उपाहारगृहांवर भर दिला. येथील स्वयंपाक बंगाली जिभेला रुचेल असा बदललेला आहे. हिरवी मिरची, आलें व लसूण त्यांत सढळ हातानें पडतात. येथेंच एक काळीमाता आहे, जिच्यापुढें नूडल्सचाही नैवेद्य ठेवितात.

आतां हिशेबाची दुसरी बाजू. 1962 सालीं चीनशीं युद्ध झालें, तेव्हां भारतांतील सुमारें तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना खटला न चालवितां राजस्थानांतील देवली येथील छावणींत स्थानबद्ध केलें गेलें. याच छावणींत इंग्रजांनीं जयप्रकाश नारायण यांना ठेविलें होतें. स्थानबद्धांत स्त्रिया, वृद्ध व मुलें होतीं. कित्येकांचा जन्म याच देशांत झालेला होता. शेवटचे लोक 1967 सालीं सुटले. कलकत्त्यांत राहिलेल्यांवरही निर्बंध आले. त्यानंतर कुटुंबामागून कुटुंब देश सोडून गेलें, कांहीं टोरोंटोला व कांहीं अन्यत्र. एके काळीं हजारोंच्या संख्येनें असलेला हा समाज आज कलकत्त्यांत सुमारें दोन हजारांवर आला आहे.

माणसें अशीं कमी होत गेलीं, पण त्यांचें अन्न मात्र देशभर पसरलें. मूळच्या कलकत्त्याच्या नेल्सन वाँग यांनीं 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आलें, लसूण, हिरवी मिरची व सोया सॉस घालून ‘मांचुरियन’ प्रथम केलें असें सांगतात. मांचुरियांत असा पदार्थ नाहीं. टोरोंटोंत ‘हक्का’ पाटी लावलेल्या खाणावळींत हेंच आपल्या चवीचें चिनी अन्न मिळतें. तें तेथें नेलें तें भारत सोडून गेलेल्यांनींच.

अन्न आवडणें सोपें असतें. तें रांधणाऱ्याला आपला मानणें कठीण. संकटकाळीं शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याची निष्ठा ठरविण्याचा मोह राष्ट्रांना होतो, आणि त्याची किंमत निरपराध घरांना द्यावी लागते. कलकत्त्यास गेलांत तर टिरेटा बाजारांत अवश्य जा, सोया सॉसची बाटली घ्या, आणि विकणाऱ्याशीं दोन शब्द बोला. तो परदेशाविषयीं नव्हे, तर आपल्याच देशाविषयीं कांहीं सांगेल.