उडीआधीचा सेकंद

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या मुलीला पुन्हा चढाईला पाठवायचं की नाही, हे आता दोन फळ्यांना विचारून ठरतं, असं एका कबड्डी प्रशिक्षकाकडून ऐकलं. फळ्या बघायला गेले.

सराव केंद्रात चाचणी घेणारा तरुण या फळ्या पिशवीत घालून आणतो. पायाने जमिनीवर टाकलेला जोर फळी सेकंदाला १००० वेळा नोंदवते आणि टॅबलेटवर रेघ उमटते. प्रयोगशाळेतल्या फोर्स प्लेट काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या असतात. या कुठेही नेता येतात आणि सगळी गोम तिथेच आहे.

मुलींनी फळ्या आधी मॅटवरच मांडल्या होत्या. त्याने उचलायला लावल्या. “मॅट दबते, फळी डुगडुगते. मग आकडा तुमचा की मॅटचा?” व्हरांड्यातली एक शहाबादी फरशी पोकळ वाजली म्हणून तीही नाकारली. मग शून्य जुळवणं, आणि जिममधली एकच चकती आधी डाव्या, मग उजव्या फळीवर ठेवून बघणं. चकतीवर २० किलो लिहिलंय यावर त्याचा विश्वास नाही. दोन्ही फळ्या तिला सारखंच वजन देतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. वाण्याच्या वजनांवर निदान सरकारी मुद्रा तरी असते.

मला खिळवलं ते त्यानंतर मुलगी उडीसाठी फळ्यांवर उभी राहिली, त्या सेकंदाने. हात कंबरेवर, नजर समोर. “आता हलू नकोस.” या सेकंदात फळी शरीराचं वजन घेते आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. ६० किलोच्या मुलीचं वजन ६०० ग्रॅमने चुकलं, तर ३० सेंटिमीटरच्या उडीत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडू शकतो. हवेतल्या वेळावरून उंची काढली तर वजनाची गरज नाही. पण गुडघे दुमडून उतरलं की तो वेळ वाढतो आणि उडी फुकटात उंच होते. मुलींना ही युक्ती ठाऊक आहे. त्यालाही.

ऑपरेशन झालेली मुलगी आली. दोन पायांच्या जोरातला फरक १० टक्क्यांच्या आत हवा, असं तिला सांगितलेलं. पहिली उडी: १२ टक्के. दुसरी: ८. तिसरी: ११. पाच मिनिटांत तेच पाय, त्याच फळ्या.

“सर, मग मी पास का नापास?”

यंत्र बिघडलेलं नव्हतं. माणूस दर वेळी तशीच उडी मारत नाही, इतकंच. उडीची उंची बऱ्यापैकी स्थिर येते; पण जोर किती झपाट्याने चढला, हा आकडा फार हेलकावतो, आणि पडद्यावर तोही तितक्याच ठसठशीत अक्षरांत दिसतो. फळी नेहमी थोडं जास्तच दाखवत असेल तर एक वेळ चालेल: तीच फळी, तीच फरशी ठेवली, तर मुलीची तुलना तिच्याशीच होते. पण १० टक्के ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. एका उडीवर तिला बाहेर बसवणं मला तरी अन्यायाचंच वाटतं.

त्याने सरासरीसोबत तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांकडे पाठवले. तुमच्या मुलीला कुणी असा एकच आकडा दाखवला, तर आधी विचारा: उड्या किती घेतल्या, आणि फळ्या कशावर ठेवल्या होत्या?