जोखीम-सल्लागार पेढीची मुलाखत

पदवी हातीं पडली कीं नोकरी ठरलेली, ही समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून अद्याप पुरती गेलेली नाहीं. शेगांवचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालीं निघालें. तेथून व जिल्ह्यांतील वाणिज्य महाविद्यालयांतून बाहेर पडलेलीं कांहीं मुलें अलीकडे पुण्या-मुंबईच्या एका नव्या व्यवसायाकडे वळूं लागलीं आहेत. जोखमीविषयीं सल्ला देणाऱ्या पेढ्यांचा हा व्यवसाय होय. तेथें मुलाखत देऊन आलेल्या बुलढाणा जिल्ह्यांतील तिघां उमेदवारांचे अनुभव आमच्या कानीं आले. वडीलधाऱ्यांनींही विचारांत घ्यावे असे ते आहेत.

प्रथम, ही पेढी करते काय? बँकेचें किंवा कारखान्याचें नुकसान कोठून होऊं शकेल, अफरातफरीनें, आगीनें, संगणकांतील चोरीनें कीं कायदा मोडल्यानें, हें आधीं शोधून उपाय सुचविणें हें तिचें काम. २००९ च्या जानेवारींत सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं आपले हिशेब खोटे असल्याचें स्वतःच लिहून दिलें. पुढें २०१३ च्या कंपनी कायद्यानें शेअरबाजारांत नोंदलेल्या व इतर ठराविक मोठ्या कंपन्यांना अंतर्गत हिशेबतपासणी सक्तीची केली. अशा घटनांमुळें या पेढ्यांचें काम वाढलें.

निवड बहुधा तीन-चार पायऱ्यांनीं होते. आरंभीं संगणकावर गणित व तर्क यांची परीक्षा, कोठें कोठें गटचर्चा, नंतर विषयाची मुलाखत, आणि शेवटीं पेढीच्या वरिष्ठांची भेट. प्रश्न मात्र दिसतात तितके कठीण नसतात. ‘रोकड घेणारा आणि ती वहींत मांडणारा मनुष्य एकच असेल, तर धोका कोणता?’ हा असाच एक प्रश्न. २०१८ सालीं उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणांत मुंबईच्या शाखेंतून परदेशीं हमीचे संदेश जात होते, पण बँकेच्या मुख्य हिशेबांत त्यांची नोंदच होत नव्हती. दोन वह्या परस्परांशीं ताडून पाहिल्या जात नसत, एवढेंच त्याचें मूळ.

खामगांवचा एक तरुण लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांच्या व्याख्या तोंडपाठ करून गेला. त्याला विचारलें, ‘तुमच्या गांवीं कापसाच्या जिनिंग आहेत ना? त्यांतील जोखीम सांगा.’ त्याचे काकाच त्या धंद्यांत होते. रुईला लागणारी आग, ओल्या कापसाचें वजन, भावाची चढउतर हें सारें त्यानें लहानपणापासून जेवतांना ऐकलेलें. तरीही तो गप्प बसला. गांवची गोष्ट अशा ठिकाणीं काढणें त्याला गांवढळपणाचें वाटलें.

चिखलीच्या एका मुलीनें नेमकें उलट केलें. बुलढाण्यास रेल्वे नाहीं. मलकापुरास येऊन तिनें रात्रीची गाडी धरली होती. बँकेच्या जोखमीविषयीं विचारतांच तिनें जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची हकीकत सांगितली. कर्जें थकलीं कीं बँकेचें स्वतःचें भांडवल नियमाखालीं कसें जातें, आणि २०१२ सालीं रिझर्व बँकेनें तिला नव्या ठेवी घेण्यास मनाई कां केली, हें तिनें उलगडून मांडलें. पुढें एका नियमाचा प्रश्न आला, तेव्हां ती म्हणाली, ‘हा नियम मला ठाऊक नाहीं, पण तो कोठें पाहावा आणि कोणास विचारावा, तें सांगूं शकेन.’ तिची निवड झाली.

तिसऱ्या उमेदवाराला तीन मुलाखतींनंतर होकारही आला नाहीं आणि नकारही नाहीं. घरांत मात्र आजोबांपासून धाकट्या वहिनीपर्यंत प्रत्येकजण रोज विचारी, ‘कांहीं कळलें का?’ अखेर त्यानें पंक्तीला बसणेंच सोडलें. हें आपल्या मायेचें ओझें आहे, आणि तें त्या मुलाला पेढीच्या मौनाहून जड झालें.

या तिन्ही अनुभवांचें मूळ घरांत सांपडतें. ‘मला ठाऊक नाहीं’ म्हणणाऱ्या मुलाला आपण अभ्यासांत कच्चा ठरवितों; मग तें वाक्य उच्चारण्याची त्याला कायमची धास्ती बसते. परंतु जोखमीच्या धंद्यांत, माहीत नसतां माहीत असल्याचा आव आणणारा मनुष्यच सर्वांत मोठी जोखीम असतो. परीक्षक तेवढें पाहून घेतात. तेव्हां शेतीचा विमा, सोसायटीचें कर्ज, दुकानाची उधारी यांचे विषय निघतील तेव्हां मुलांना व मुलींनाही जवळ बसवावें, त्यांचें मत विचारावें, आणि उत्तर न आलें तर हसूं नये. मुलाखतीहून परतल्यावर प्रथम त्यांना जेवूं घालावें. निकाल कळला म्हणजे तीं आपणहून सांगतील.