पुण्याईचे तारण

परवा रविवारी वर्तमानपत्र उघडले, तर आतून एक गुळगुळीत चारपानी पत्रक घसरून मांडीवर पडले. पहिल्या पानावर दप्तर पाठीला लावलेली, हसरी, खेड्यातली एक मुलगी. खाली मजकूर असा की, तुम्ही आमच्याकडे घर घ्या, आम्ही हिच्या शिक्षणाचा भार उचलू. पान उलटले तर पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस आणि विसाव्या मजल्यावरून दिसणारा सूर्यास्त. मुलगी कुठल्या गावची, भार किती आणि किती वर्षे उचलणार, याचा चारही पानांत पत्ता नव्हता.

सौ.ने चहा ठेवता ठेवता पत्रक पाहिले. "चांगलंय की. घराचं घर, पुण्याचं पुण्य!"

मी गप्प राहिलो. कारण असे पुण्य मी एकदा व्यासपीठावर बसून, गळ्यात हार घालून पाहिले आहे.

साल २००६. पुण्याजवळच्या, झपाट्याने वाढणाऱ्या एका गावात मी आमच्या बँकेचा शाखाधिकारी होतो. तिथल्या एका बिल्डरचे चालू खाते आमच्याकडे होते, आणि मार्चअखेरीला ठेवींचे उद्दिष्ट गाठताना अशा खात्यांचा किती आधार वाटतो, ते बँकेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. जूनमध्ये त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्यावाटप ठेवले आणि प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावले. मांडवावर शाळेच्या नावापेक्षा गृहयोजनेचे नाव मोठे होते. वहीच्या मागच्या पानावर आमच्या लहानपणी पाढे असायचे, तिथे दोन खोल्यांच्या फ्लॅटचा नकाशा छापला होता. मला ते खटकले, नाही असे नाही. पण शाल-श्रीफळ घेऊन मी उठलो आणि 'समाजाचे ऋण फेडणारा उद्योजक' यावर दहा मिनिटे बोललो. टाळ्याही पडल्या.

आठवड्याभरात त्याच शाळेतले एक मास्तर कर्जाचा अर्ज घेऊन आले. निवृत्तीला सात-आठ वर्षे उरलेली, दोन मुली, आयुष्यभर भाड्याची खोली. मी सवयीने विचारले, "मास्तर, कागदपत्रं नीट पाहिलीत ना? आधीच्या इमारतीचा ताबा वेळेवर दिला होता का, चौकशी केलीत?"

मास्तर हसले. "साहेब, माणूस पाहिला. आणि त्या दिवशी तुम्हीही होतातच की स्टेजवर."

पॅनेलवरच्या वकिलांचा शोध अहवाल स्वच्छ होता, नकाशा मंजूर होता. कर्ज मंजूर न करण्याचे कारण नव्हते. पण या इमारतीसाठी आलेला पैसा दुसरीकडच्या जमिनीत गुंतत होता, आणि हे वकिलाच्या अहवालात दिसत नसते. तिसऱ्या स्लॅबनंतर काम थांबले. मास्तर एका हाताने खोलीचे भाडे आणि दुसऱ्या हाताने आमचे व्याज भरत राहिले. ताबा मिळाला तो चार वर्षे उशिरा, भोगवटा पत्राशिवाय, पाणी टँकरचे.

एकदा बाजारात भेटले. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "असू द्या साहेब. वह्या मात्र चांगल्या होत्या. पोरांनी वर्षभर वापरल्या."

या वाक्याने मला आजवर स्वस्थ बसू दिलेले नाही. कारण ते खरे होते. दान खोटे नव्हतेच. वह्या कोऱ्या, जाड कागदाच्या होत्या. फक्त त्या वह्यांनी आणि माझ्या भाषणाने मास्तरांच्या मनात जो विश्वास उपजला, तो वह्यांपुरता न राहता फ्लॅटवर जाऊन बसला.

ही जोडी आजची नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते शेठ प्रेमचंद रायचंद कापसाच्या आणि शेअरच्या बाजाराचे राजे होते. बॅक बेवर भराव घालून जमीन काढण्याच्या कंपनीमागेही तेच होते. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला लाखोंची देणगी दिली. मनोऱ्याला आईचे नाव मिळाले. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापूस कोसळला आणि भरावाच्या शेअर्सची रद्दी झाली. बँक ऑफ बॉम्बेने अशा शेअर्सवर, काही वेळा तर नुसत्या नावावर, कर्जे दिली होती. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे. दान खरेच होते. पण दात्याचे मोठे नाव हे कर्जाचे तारण नव्हते, हे त्या बँकेला फार उशिरा कळले.

मास्तरांच्या वेळी नव्हते ते आज बरेच काही आहे. रेराचा कायदा २०१६ चा, महारेरा २०१७ पासून. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्चावे लागतात. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरून नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाईल धरला की प्रकल्पाची नोंद समोर. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले आहेत, पण २०२१ च्या नियमांनी हेही स्पष्ट केले की, आपल्या मालाच्या जाहिरातीचा लाभ व्हावा म्हणून प्रायोजित केलेले उपक्रम त्यात धरता येणार नाहीत. म्हणजे दान आणि जाहिरात यांतली रेघ सरकारलाही दिसली आहे.

कोणी देणगी देऊन नाव लावू नये, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरसुद्धा नावे असतात, आणि पायरी चढायला उपयोगीच पडते. प्रश्न एवढाच की, त्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे बिल्डर नफ्यातून देणार, की ते फ्लॅटच्या किमतीत आधीच मिळवलेले आहेत? तसे असेल तर दाता आपण, आणि फोटो त्यांचा. पैसे कोणत्या संस्थेला जाणार आणि पावती कोणाच्या नावाची, एवढे विचारायला लाज कसली?

सौ.ला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग मुलीचं काय?"

मुलीसाठी गावच्या शाळेत जाऊन पैसे भरता येतात; त्याला फ्लॅट घ्यावा लागत नाही. आणि फ्लॅट घ्यायचा असेल, तर पत्रकाचे पहिले पान बाजूला ठेवून नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि आधीच्या इमारतीतल्या दोन-चार बिऱ्हाडांचा अनुभव पाहावा. इतके साधे आहे. २००६ च्या जूनमध्ये, हार गळ्यात पडण्यापूर्वी, मला ते ठाऊक होते. नोकरीच ती होती माझी. मास्तरांना ठाऊक नव्हते, आणि ते माझ्याकडे पाहून बसले होते.