फोटो काढा, कर्ज काढू नका!

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच तुळशीची लग्ने लागतात आणि पाठोपाठ माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. पुण्यातील मंगल कार्यालयांच्या तारखा तर त्याच्या कितीतरी आधीच गेलेल्या असतात. ज्या घरी यंदा कार्य आहे तेथील कर्ती मंडळी आता कागद-पेन्सिल घेऊन बसली असतील. कार्यालय, जेवण, साड्या, दागिने, आहेर, पत्रिका अशी यादी होते आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखा एक शब्द येतो : 'फोटो'. तळाशी लिहिलेला हा शब्द पाहता पाहता यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो, हे मी घरातच पाहिले आहे.

मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय असल्याने शब्दांकडे लक्ष जाते. आपल्या भाषेतले 'काढणे' हे क्रियापद मोठे कष्टाळू आहे. आपण लग्न काढतो, मुहूर्त काढतो, फोटो काढतो आणि हे सारे निभावून नेण्यासाठी कर्जही काढतो. यांतल्या तिसऱ्या काढण्यापायी चौथे काढणे ओढवू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

दोन लाखांचा खड्डा

गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीचे लग्न झाले. भाऊ भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीला. अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस. त्याने आपल्या यादीत फोटोंसाठी ४०,००० रुपये धरले होते. मग एका फोटोग्राफरकडून 'पॅकेज'चा कागद आला. त्यावर असे आकडे होते : लग्नापूर्वी वधूवरांना बाहेर नेऊन काढायचे फोटो ३०,०००; दोन दिवसांचे फोटो, दोन माणसांसह, ७०,०००; व्हिडिओ आणि त्याचा सिनेमासारखा छोटा चित्रपट ६०,०००; ड्रोन १५,०००; दोन अल्बम ३०,०००. बेरीज २,०५,०००. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ३६,९००. एकूण २,४१,९०० रुपये!

दोन लाखांचा हा खड्डा भरण्यासाठी भावाने पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज आणून ठेवला. मी म्हणाले, "दादा, जरा हिशेब तरी मांडून पाहू." दोन लाख रुपये, तेरा टक्के व्याज, पाच वर्षे. महिन्याचा हप्ता साडेचार हजारांवर गेला आणि एकूण फेड सुमारे २ लाख ७३ हजार. म्हणजे फोटो जुने होणार आणि हप्ता मात्र दरमहा ताजा!

"अगं, पण एकुलती एक मुलगी! आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट," दादा म्हणाला. वाचकहो, लग्नाच्या बाजारात याहून महाग वाक्य नाही. 'एकदाच' म्हटले की घासाघीस करण्याचीही लाज वाटू लागते.

आम्ही घासाघीस केलीच नाही. आधी आम्ही पैसे कशाचे जातात ते समजून घेतले. फोटोचा खर्च तीन गोष्टींचा असतो : कार्याच्या ठिकाणी किती माणसे किती तास उभी राहतात, नंतर निवड, रंगदुरुस्ती आणि अल्बमची मांडणी यांत किती तास जातात, आणि शेवटी कागद व बांधणी. दर तोडायला लावला, तर फोटोग्राफर या तिन्हींपैकी कोठेतरी हात आखडता घेणार. बहुधा स्वतः न येता नवशिक्या मदतनीस पाठवणार. म्हणून दर तोडू नये, काम कमी करावे. हेच या विषयातले खरे सूत्र आहे.

बारा फोटोंची शिस्त

पूर्वीच्या लोकांना ही काटकसर कोणी शिकवावी लागली नाही. ती कॅमेऱ्यातच होती. बडोद्याला तयार होणारा ॲग्फा क्लिक-थ्री अनेक मध्यमवर्गीय घरांतून असे. त्याच्या एका रोलवर फोटो निघत बारा. पुढे पस्तीस मिलिमीटरची फिल्म सर्रास झाली, तिच्यावर छत्तीस. प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसे खर्च होत, म्हणून फोटोग्राफर आधी पाहत असे, थांबत असे आणि मगच बटण दाबत असे. आज बटण फुकट झाले आहे. एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो सहज निघतात. महाग झाली आहे ती त्यांतून निवड. आणि ते हजारो फोटो पुन्हा पाहतो कोण? नव्याचे नऊ दिवस संपले की ते एखाद्या डबीत पडून राहतात.

तेव्हा त्या कागदावरची एकेक ओळ घेऊन आम्ही एकच प्रश्न विचारला : वीस वर्षांनी हे कोण पाहणार?

ड्रोन पहिल्याच फटक्यात गेला. कार्यालयाला छप्पर होते. ड्रोनला दिसणार होते पत्रे! शिवाय २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग पाडलेले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. तेव्हा हौस करण्यापूर्वी आपले कार्यालय कोणत्या रंगात येते ते पाहिलेले बरे.

लग्नापूर्वीची फोटोसहल पुतणीने स्वतःच खोडली. "आत्या, सिंहगडावर आम्ही तसेही जाणारच आहोत. तिथे पिठले-भाकरी खाताना मैत्रीण काढील की फोटो!" सीमांतपूजनाची संध्याकाळही आम्ही घरच्यांवर सोपवली. चित्रपटाऐवजी विधींचे साधे, सलग चित्रण ठेवले. मंगलाष्टकांतले आजोबांचे थरथरते आवाज त्यात ऐकू येतात. चित्रपटात तेथे भाड्याचे संगीत घालतात.

लग्नाच्या दिवशीचा जाणकार माणूस मात्र आम्ही सोडला नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. लाजाहोमाचा धूर, मांडवातले पिवळे दिवे, भोवती माणसांची दाटी. यांत हौशी भाच्याचा हात हमखास चुकतो. म्हणून सकाळी सात ते दुपारी तीन, दोन माणसे, ३५,०००, चित्रण १५,०००, कर ९,०००. एकूण ५९,००० झाले. अल्बम आम्ही लग्नानंतर चार महिन्यांनी, डोके शांत झाल्यावर, स्वतः निवडून एकच केला; त्याचे करासह १२,००० पडले. सारे मिळून ७१,०००.

वराकडची मंडळीही आपला निराळा फोटोग्राफर आणणार होती. एकाच बोहल्यापुढे दोन फोटोग्राफर म्हणजे एकमेकांच्या पाठींचे फोटो! भावाने व्याह्यांना मोकळेपणाने विचारले, ते आनंदाने तयार झाले आणि खर्च निम्मा-निम्मा झाला. भावाच्या वाट्याला आले ३५,५०० रुपये. पतसंस्थेचा अर्ज कोराच परत गेला.

फोटोंत कोण नाही?

पण केवळ पैसे वाचले म्हणून हा लेख लिहिला नसता. फोटो कमी करायचे तर त्यांत कोण असावे, हे आधी ठरवावे लागते. आणि ते ठरविताना मला आक्का आठवल्या.

माझ्या आईवडिलांचे लग्न १९७१ साली नारायण पेठेत झाले. दोन रोल वापरले, चोवीस फोटो. त्यांत मामा आहेत, शेजारी आहेत, कार्यालयाचे मालकसुद्धा आहेत. आक्का नाहीत. आक्का म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या आणि लोकांच्या घरी पोळ्या लाटून त्यांनी धाकट्या भावाचे शिक्षण केले. ज्याच्यासाठी राबल्या त्याच्या लग्नात त्या दिवसभर स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कोणी मागे ढकलले नाही. त्या आपणहून मागे राहिल्या, आणि 'पुढे या' असे म्हणणे कोणाला सुचले नाही. १९९८ साली त्या गेल्या. भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा, टपालाच्या तिकिटाएवढा फोटो मोठा करून घेतला. अजून तोच धूसर चेहरा आमच्याकडे आहे.

हे पुण्यात घडले, जेथे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाईंशी विवाह केला होता! त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनीही आमच्या आक्का फोटोपुरत्यासुद्धा पुढे आल्या नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो सर्व गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. ठराव सरकारी असतात. पण लग्नातल्या फोटोत कोणाला बोलवायचे हे घरातच ठरते.

आक्का सुटल्या त्या रोल दोनच होते म्हणून नव्हे. चोवीसऐवजी चोवीसशे फोटो काढले असते, तरी त्या आल्या नसत्या; कारण फोटोग्राफरला त्या कोण हे ठाऊक नव्हते आणि सांगणाऱ्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. फोटोंची संख्या वाढवून माणसे सापडत नाहीत. ती नावाने हाक मारून बोलवावी लागतात.

म्हणून पुतणीला मी म्हटले, "विधींची यादी गुरुजींकडे आहे. तू माणसांची कर." तिने एकतीस नावे लिहिली. पहिले नाव तिच्या आजीचे, आईच्या आईचे. त्या विधवा आहेत. यादीत घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशी होत्या आणि तिचे गणिताचे सरही होते. सर्वांना ओळखणाऱ्या एका चुलतभावाला यादी देऊन फोटोग्राफरजवळ उभे केले. पंगत बसण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात एकतीस माणसे वधूवरांशेजारी उभी राहून गेली. आजी आधी "माझं काय काम तिथे?" म्हणाल्या. पुतणीने शालूसकट खाली उतरून त्यांचा हात धरला. तो फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर आहे आणि त्याला एक पैसाही जास्त पडला नाही.

लिहून घ्या

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. फोटोग्राफर ठरविताना त्याने निवडून लावलेले नमुने पाहू नका. एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा म्हणावे. कार्याला तो स्वतः येणार का, हे विचारा. दाट मुहूर्ताचा रविवार टाळून आठवड्यातला दिवस धरलात, तर सवलत मिळण्याचा संभव अधिक.

ठरले की तास, माणसे, फोटो आणि अल्बम देण्याची तारीख कागदावर घ्या. शेवटचा हप्ता सारे हाती आल्यावरच द्या. माझ्या एका सहकाऱ्याने आगाऊ सगळी रक्कम दिली आणि अल्बम हाती आला तो बारशाच्या सुमारास! कर लावला असेल, तर बिलावर नोंदणी क्रमांक पाहा; वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या व्यावसायिकाला ही नोंदणी सहसा सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला कर लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. तेव्हा छापील करारावर सही करण्यापूर्वी 'उलट करार' त्यातच दडलेला नाही ना, हे वाचा. तुमच्या मुलीचा फोटो जाहिरातीत वापरण्याची मुभाही कधी कधी त्यातच असते. ठरलेले काम मिळाले नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

पाहुण्यांच्या फोनमधले फोटोही गोळा करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेले फोटो आकसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितले, तर ते मूळ आकारात येतात. सर्व फोटोंच्या दोन प्रती ठेवा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. निवडक पन्नास मात्र कागदावर छापून घ्याच.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. या दिवाळीत ज्यांच्या घरी कार्य ठरले आहे त्यांनी भाऊबीजेला सारे जमतील तेव्हा एक कोरा कागद मध्ये ठेवावा आणि पॅकेजचे आकडे पाहण्यापूर्वी त्यावर माणसांची नावे लिहावीत. आधी लिहावीत ती नावे, जी आपणहून पुढे येणार नाहीत.