परसातले बियाणे, गावाचे भांडार
बियाण्यांचे वाचनालय म्हणजे असे भांडार, जिथून परसबाग करणारा मूठभर बी उसने नेतो आणि पीक हाती आल्यावर त्याच वाणाचे बी परत आणून देतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी बाएफ या संस्थेच्या साहाय्याने उभारलेली बियाणे बँक याच जातीची असून, वाल-घेवड्यांसारखे गावठी वाण जपणाऱ्या या कामासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला.

कोल्हापूरलगतच्या उचगावसारख्या गावात असे भांडार चालवायचे झाल्यास खरी कसोटी बी गोळा करण्यात नसून त्याची शुद्धता राखण्यात आहे. घेवडा बहुधा स्वपरागित, म्हणजे आपल्याच फुलातील परागाने फळणारा, असल्याने नवख्यालाही सांभाळता येतो. दुधी किंवा दोडका मात्र कीटकांकरवी शेजारच्या वेलाशी संकरित होतो, म्हणून मादी फूल उमलण्यापूर्वी कागदी पिशवीने झाकून, त्याच वाणाच्या नर फुलाचा पराग हाताने लावून ते पुन्हा झाकावे लागते. बाजारातील संकरित बियाणे इथे निरुपयोगी, कारण त्याची पुढली पिढी मूळ गुण एकसारखे राखत नाही.

बी सावलीत वाळवून, कोरड्या राखेत घालून मडक्यात ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. वाटपापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहावी. 2001 च्या पीकवाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा आणि देवघेवीचा हक्क मान्य केला आहे; संरक्षित वाणाचे बी छाप लावून विकण्यास तेवढी मनाई आहे.