उर्नेस
उर्नेस : पश्चिम नॉर्वेतील एक लहान कृषिप्रधान खेडे. बाराव्या शतकातील लाकडी चर्चवास्तूमुळे ते जगप्रसिद्ध झाले आहे. ‘ऑर्नेस’ असेही त्याचे नाव रूढ आहे. व्हेस्टलांड परगण्यात, सु. २०० किमी. लांबीच्या सॉग्ने फ्योर्डच्या लुस्टर या शाखेच्या पूर्व काठावर ते वसले असून समोरच्या सॉल्व्होर्न गावाशी बोटीने जोडलेले आहे. फ्योर्डच्या सान्निध्यामुळे हवामान तुलनेने सौम्य असून फळांची लागवड हा येथील शेतीचा महत्त्वाचा भाग आहे.

येथील चर्च ‘स्तंभचर्च’ या खास नॉर्वेजियन प्रकारात मोडते. वृक्षवलयांच्या अभ्यासानुसार त्याचे लाकूड इ. स. ११३० च्या सुमारास तोडलेले आहे. त्यापूर्वीही या जागी चर्च होते. आरंभीच्या चर्चवास्तूंचे खांब सरळ जमिनीत पुरीत. ओलाव्याने ते बुंध्याशी कुजत. पुढे दगडी जोत्यावर आडव्या तुळया बसवून त्यांवर खांब व उभ्या फळ्यांच्या भिंती उभारण्यात येऊ लागल्या. लाकडाचा मातीशी संबंध तुटला आणि त्यास पाइनच्या डांबराच्या लेपाची जोड मिळाली, म्हणूनच ही वास्तू नऊ शतके टिकली. आतील गोल खांब, घनाकार स्तंभशीर्षे व अर्धवर्तुळाकार कमानी यांत यूरोपीय रोमनेस्क पाषाणवास्तूची रूपे लाकडात उतरलेली दिसतात.

सध्याच्या चर्चच्या बांधणीत अकराव्या शतकातील आधीच्या चर्चचे काही भाग पुन्हा वापरलेले आहेत. त्यांपैकी उत्तर भिंतीतील द्वारशिल्प सर्वांत महत्त्वाचे होय. त्यात सडपातळ चतुष्पाद प्राणी व नागाकृती यांची वळणदार गुंफण खोल उठावात कोरलेली आहे. काही अभ्यासक त्यात ख्रिस्त व दुष्ट शक्ती यांचा संघर्ष पाहतात, तर काही जुन्या नॉर्स पुराणकथांचा संदर्भ देतात. व्हायकिंग कलेच्या अखेरच्या टप्प्यास याच गावावरून ‘उर्नेस शैली’ हे नाव मिळाले. स्वीडनमधील रूनलेखांकित शिळांवर आणि आयर्लंडमधील धातुकामातही तिचा प्रभाव आढळतो.

मध्ययुगात नॉर्वेमध्ये अशी चर्चे हजाराहून अधिक असावीत, असा अंदाज आहे. आज त्यांपैकी सु. २८ उरली आहेत. १३४९ च्या महामारीने अनेक वस्त्या ओस पडल्या. पुढे १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये धर्मक्षेत्रातील तीनदशांश लोक मावणे आवश्यक ठरले व अनेक जुन्या वास्तू पाडण्यात आल्या. चित्रकार योहान क्रिस्तियान दाल याने १८३७ मध्ये उर्नेससह काही स्तंभचर्चांची रेखाचित्रे प्रसिद्ध करून या ठेव्याकडे लक्ष वेधले. त्याच्या प्रेरणेने १८४४ मध्ये प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. उर्नेसचे चर्च १८८१ मध्ये तिच्या मालकीचे झाले.

यूनेस्कोने १९७९ मध्ये बर्गेनमधील ब्रिग्गेन या बंदरवस्तीबरोबर उर्नेसच्या चर्चचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. नॉर्वेतील ही पहिली दोन स्थळे होत. १९९२ मध्ये बर्गेनजवळील फान्टॉफ्ट स्तंभचर्च जाळपोळीत नष्ट झाल्यानंतर अशा वास्तूंच्या अग्निसुरक्षेची निकड तीव्रतेने जाणवली. देशातील स्तंभचर्चांच्या दुरुस्तीचा शासकीय कार्यक्रम २००१ ते २०१५ या काळात राबविण्यात आला. फान्टॉफ्टचे चर्च नंतर पुन्हा बांधले गेले. तथापि जळालेले मध्ययुगीन लाकूड व त्यावरील कारागिराच्या हत्यारांच्या खुणा पुनर्रचनेने परत मिळत नाहीत. म्हणूनच उर्नेससारख्या मूळ वास्तूचे जतन महत्त्वाचे ठरते.